होडीतून आलेले सोयरे

दादांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्यांचं मूळ गाव कोणतं?"

लेकीनं न्यूझीलंडमध्ये मुलगा पसंत केलाय, हे मी त्यांना नुकतंच फोनवर सांगितलं होतं. मुलगा काय करतो, शिकलाय किती, हे त्यांनी विचारलं नाही. तो माओरी आहे, म्हणजे इंग्रज तिथं जायच्या आधीपासून राहणाऱ्या लोकांपैकी, एवढं कळल्यावर त्यांनी मूळ गाव विचारलं. मग कुळी विचारली. मग देवक. आमच्याकडे सोयरीक जुळवताना या तीन गोष्टी विचारल्याशिवाय चहाला कोणी हात लावत नाही. आमचं स्वतःचं देवक पंचपल्लव, पाच झाडांची पानं. त्यापलीकडे आम्हाला आमच्याबद्दल फारसं काही माहीत नाही, पण समोरच्याला विचारायचं असतं.

"दादा, ते होडीतून आले," मी म्हणालो.

"कधी? आत्ता?"

"सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी."

"मंग गाव सांग की."

दादा माझे थोरले भाऊ. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे, ती तेच बघतात. मी नाशकात राहतो. अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेला भाग आराखड्यातल्या मापाला उतरतो की नाही, हे बघणं माझं काम. मापाबाहेर असेल तर तो लाल पेटीत जातो, बनवणारा कितीही जवळचा असो. या सवयीमुळे घरातले लोक माझ्याशी बोलायचं टाळतात, असं लेक म्हणते.

दादांची संमती का हवी होती, ते सांगायला हवं. माझी पत्नी लेक नववीत असताना गेली. लग्नात देवक बसवायला आणि मुलीचा हात हातात द्यायला जोडपं लागतं. विधुर माणूस एकटाही बसू शकतो, पण मग बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून बसायचं. लेकीनं मला आधीच बजावलं होतं. "बाबा, आईच्या जागी सुपारी मला बघायची नाही. मोठे बाबा आणि मोठी आई बसणार असतील तर निफाडला लग्न करू. नसतील तर आम्ही इकडेच कागदावर सह्या करतो." आई गेल्यावर दोन वर्षं ती निफाडला वहिनींजवळ राहिली होती. बागेचं वेड तिला तिथंच लागलं. पुढे द्राक्षांचंच शिकली, आणि तेच शिक्षण तिला समुद्रापलीकडच्या मळ्यात घेऊन गेलं. मुलगा त्याच मळ्यात पाण्याचं आणि मातीचं बघतो.

तेव्हा दादांना त्या देशाचा इतिहास नीट समजावून सांगायचा, असं मी ठरवलं. इथंच माझी चूक झाली.

मी काही महिने वाचत होतो. मला वाटलं होतं, एवढासा देश, त्यात माणसं सगळ्यात शेवटी पोचली ती तिथं, म्हणजे हिशेब सरळ असणार. तसं काही नाही. एक पुस्तक म्हणायचं माणसं हजार वर्षांपूर्वी आली, दुसरं म्हणायचं साडेसातशे. जुनी पुस्तकं एक मोठा काफिला आला म्हणून चित्रं छापतात. नवी म्हणतात तसा काफिला नव्हता, होड्या वेगवेगळ्या वेळी आल्या. शेवटी उंदरांनी कुरतडलेल्या बियांवरून काळ काढलेला सापडला, तेव्हा माझं जरा समाधान झालं. उंदीर माणसांबरोबर होडीतूनच आले होते, त्यामुळे बी कुरतडलेलं असेल तर माणूस पोचलेला असणार. हे माप मला पटलं.

कागदावर एक सरळ रेघ आली. या लोकांचे फार जुने पूर्वज तैवानच्या बाजूनं निघाले, बेटामागून बेट करत हजारो वर्षं पूर्वेकडे सरकले, आणि आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते त्या सुमाराला त्यांतले काही दक्षिणेच्या या थंड, रिकाम्या बेटांवर उतरले. बरोबर रताळी, भोपळे, कुत्री. तिथं उडता न येणारे प्रचंड पक्षी होते, ते शे-दीडशे वर्षांत खाऊन संपवले. पुढं पुष्कळ काळानं एक डच जहाज आलं, मारामारी झाली, ते निघून गेलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी इंग्रज आले. मग देवमासे मारणारे, मग पाद्री, मग बंदुका. अठराशे चाळीस साली करार. आणि करारानंतर वीस-पंचवीस वर्षांत लढाया आणि जमीनजप्ती.

एका रविवारी मी निफाडला गेलो. वहिनींनी ओट्यावर सतरंजी टाकली. मी पिशवीतून पोलादी टेप काढून ओट्याच्या कडेला लावला. शून्य म्हणजे आज, एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. पंचाहत्तर सेंटिमीटरवर खडूनं होडी काढली.

"ही होडी. इथं ते आले. आणि हे बघा, इंग्रजांचा करार, साडेअठरावर. म्हणजे एवढा सगळा काळ बेट फक्त त्यांचं होतं."

दादांनी टेपकडे बघितलं. "हा टेप चांगला हाय. कुठून घेतला?"

"कारखान्यातला जुना आहे. दादा, इकडं लक्ष द्या."

"लक्ष हाय. होडी आली. तिच्याआधी कुठं होते?"

"दुसऱ्या बेटावर."

"त्याच्याआधी?"

"आणखी दुसऱ्या."

दादांनी वहिनींकडं बघितलं. "म्हंजे फिरस्ते हायत. एका जागी टिकत नाय."

"साडेसातशे वर्षं टिकलेत. आपण निफाडला कधी आलो?"

"आपण इथलेच."

"आजोबा सांगायचे, नगरकडून दुष्काळात आलो म्हणून. कोणत्या दुष्काळात, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पाच पिढ्यांच्या वरचं नाव तुम्हाला येतं का?" मी टेपवर बोट ठेवलं. "पाच पिढ्या म्हणजे फार तर साडेबारा-तेरा सेंटिमीटर. ते सहापट जुने आहेत, दादा."

हे बोलायला नको होतं. दादांनी टेपच्या खटक्यावर अंगठा दाबला. टेप सळसळत आत गेला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"साहेब, सोयरीक मापानं होती का? पोरीचा बाप हायस, का तलाठी?"

वहिनी म्हणाल्या, "भावजी, भाकरी टाकल्यात, चला." विषय तिथं संपला. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि मला इतका वैताग आला होता की निफाड ते नाशिक मी मनातल्या मनात दादांना तेच पुन्हा समजावत आलो.

त्यानंतर पंधरवड्यानं दादांचाच फोन आला. सकाळी, मी दाढी करत असताना. आवाज खुशीत.

"अरे, तू मला काय पट्ट्या दाखवत बसला होतास. आधीच नाय का सांगायचं?"

"काय?"

"ते आपलेच हायत म्हणून."

आमच्या एका चुलतभावानं भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. त्यात असं की, न्यूझीलंडमध्ये एक जुनी घंटा सापडली, तिच्यावर तमिळ अक्षरं आहेत. म्हणजे प्राचीन काळी भारतातून जहाजं तिकडं गेली आणि तिथले मूळ लोक म्हणजे आपलेच गेलेले बांधव. खाली भावकीतल्या सगळ्यांनी हात जोडले होते. दादांनी स्वतः अंगठा दिला होता, जो ते कोणालाच देत नाहीत.

"आता प्रश्नच मिटला," दादा म्हणाले. "आपलेच लोक, होडीनं गेले, तिकडं राह्यले. आपण नगरहून आलो ना, तसंच. मी बसतो देवकाला. तिला कळव."

मी गालाला साबण तसाच ठेवून पुस्तक काढलं. घंटा खरी होती. एका पाद्र्याला ती माओरी वस्तीत मिळाली. बायका तिच्यात बटाटे उकडत होत्या. ती तिथं कशी आली ते कोणालाच सांगता येत नाही. एखादं भरकटलेलं जहाज असेल. पण घंटा घडवली त्याच्या आधीच माणसं त्या बेटांवर पोचून स्थिरावली होती, यावर बहुतेकांचं एकमत आहे. घंटेवरून माणसं भारतातली ठरवायची, तर ओझरच्या घरात जपानी घड्याळ सापडलं म्हणून ओझरचे लोक जपानी ठरतात.

मी लेकीला फोन लावला. आधी ती आनंदानं ओरडली, मग मी घंटेचं सांगितलं.

"राहू देऊ का?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मापाबाहेरचा एक भाग पास करायला निघालो होतो. "त्यांचा समज आहे तर असू दे. लग्न होऊन जाईल."

"बाबा, बोलणी करायची म्हणजे त्याची आत्या असणार समोर. त्यांच्यात सगळं तीच बोलते." ती पुढं म्हणाली, "तिला शाळेत काय शिकवलं होतं माहितेय? की तुमच्याआधीही इथं दुसरे लोक होते, तुम्ही त्यांना हाकललंत, मग आम्ही तुम्हाला हाकललं, त्यात एवढं काय. सगळं खोटं. पण पुस्तकात होतं. जमीन घेणाऱ्यांना बरं पडायचं ते. आयुष्यभर तिला दुसऱ्यांनी सांगितलंय, तू कुठून आलीस ते. आता मोठे बाबा पण सांगणार."

"मग मी दादांना सांगतो."

"सांगितलं तर ते बसणार नाहीत."

"हो."

"मग मला विचारू नका, बाबा. मला दोन्ही नको आहे."

बोलणी होती त्या दिवसापर्यंत मी दादांशी बोललो नाही. संधी आली नाही असं नव्हे. दोनदा फोन उचलून ठेवून दिला.

बोलणी निफाडला, दादांच्या बैठकीच्या खोलीत झाली. टीव्हीला मोबाइल जोडला होता. भावकीतले चौघे-पाच जण टोप्या घालून सोफ्यावर, वहिनी दाराशी खुर्चीवर. पडद्यावर मुलगा, लेक, आणि त्यांच्या मधोमध आत्या. पांढरे केस, हनुवटीवर गोंदण. गोंदण बघून वहिनी हळूच म्हणाल्या, "आपल्या आजीला होतं तसंच."

दादांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आधी तुमचं मूळ सांगा."

मला वाटलं, आता आत्या घुटमळणार. ती उठून उभी राहिली. आधी त्यांच्या भाषेत, मग इंग्रजीत बोलली, आणि लेक मराठीत सांगत गेली. आमचा डोंगर हा. आमची नदी ही. आमची होडी ही. नावं मी इथं लिहीत नाही, ती त्यांच्या घरची आहेत. मग होडीच्या नायकापासून नावं सुरू झाली, बापामागून लेक, लेकीमागून लेक, आणि ती थांबेनात. मी सवयीनं बोटांवर मोजू लागलो, वीस झाल्यावर सोडून दिलं. एकदाही तिनं खाली बघितलं नाही, हातात कागद नव्हता.

दादा पुढं झुकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "लय भारी." आणि मग, अगदी मनापासून, "तिला सांग, तुम्ही आमचेच. इकडूनच गेलात होडीनं. घंटा सापडलीय. आता लेक देऊन परत घरी आणतोय आम्ही तुम्हाला."

लेकीनं ते भाषांतर केलं नाही. तिनं आत्याकडं नाही, कॅमेऱ्यातून माझ्याकडं बघितलं. आत्या वाट बघत होती.

"दादा," मी म्हणालो, "ते आपले नाहीत."

"काय?"

"घंटेचं खरं नाही. घंटा नंतर पोचली. हे लोक तिकडूनच, पूर्वेच्या बेटांवरून आले. आपला संबंध नाही. मला तेव्हाच माहीत होतं, मी बोललो नाही."

दादांनी भावकीकडं बघितलं, कारण भावकी त्यांच्याकडं बघत होती. मग ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं, चारचौघांत सांगितलंस. म्हंजे परके हायत, असं म्हण ना सरळ."

"परकेच आहेत. म्हणून तर सोयरीक करायची. आपल्यातल्या आपल्यात कोण करतं?"

सोफ्यावर कोणीतरी हसलं. ते हसणं फार महागात पडलं. दादा उठले, चपला घातल्या, "ठिबक बघून येतो," म्हणाले आणि बागेकडं गेले. दुपारी बाराला ठिबक कोणी बघत नाही.

पडद्यावर आत्या लेकीला काहीतरी विचारत होती. लेकीनं सांगितलं असावं, कारण आत्यानं माझ्याकडं बघून एकदा मान लववली. मला त्या क्षणी मान नको होती, भाऊ हवा होता.

खोली सांभाळली ती वहिनींनी. त्या खुर्ची ओढून टीव्हीसमोर आल्या. "तिला विचार, होडीत बियाणं काय आणलं होतं?"

आत्या सांगू लागली. रताळी आणली होती. जुन्या बेटांवर ऊन बारमाही, तिथं वेल कायम हिरवा. इथं थंडी, वेल मरायचे. मग जमिनीत कोरडे खड्डे करून त्यात रताळी जपून ठेवायची, वर झाकण, आणि थंडी सरली की पुन्हा लावायची.

"पेव," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं जोंधळ्याला असायचं. ओल लागली की सगळं नासायचं. तुमच्याकडं ओल कशी अडवायचे?"

दोघी अर्धा तास ओलीवर बोलल्या. लेक भाषांतर करून थकली. मग जमिनीचं निघालं. लढाईनंतर जप्तीत किती गेली, आणि उरलेली इंग्रजांच्या कोर्टानं कशी नेली: सगळ्या गोताची सामायिक जमीन, तिच्यावर नावं मात्र फार तर दहा लावायची, आणि मग त्या नावांकडून गोरे विकत घ्यायचे. हे ऐकताना सोफ्यावरचे सगळे सरसावून बसले. "सातबाऱ्यावर नाव नाय, तर जमीन जाणारच," एकजण म्हणाला. ज्या इतिहासासाठी मी टेप लावला होता, तो या लोकांना सातबारा म्हटल्याबरोबर कळला, आणि ज्यांना कळायला हवा होता ते बागेत जाऊन बसले होते.

पुढचे काही आठवडे दादांनी फोन घेतला नाही. वहिनी घ्यायच्या. "आहेत. बोलत नाहीत. जेवतात." लेकीनं कागदावरच्या लग्नाची चौकशी सुरू केली होती. मी एकदा भद्रकालीत किराणा घ्यायला गेलो असताना सुपाऱ्यांच्या बरणीसमोर उभा राहिलो. दुकानदारानं विचारलं, "किती देऊ?" मी काही न घेता निघालो.

शेवटी फोन आला तो पत्रिकेसाठी. नमस्कार नाही, काही नाही.

"छापखानेवाला विचारतो, मुलाकडचं गाव, तालुका, जिल्हा काय टाकू. त्याचा साचा ठरलेला हाय, रिकामं सोडता येत नाय म्हणतो."

"मग?"

"मंग मी सांगितलं त्याला. गावाच्या जागी होडी टाक. तालुक्याच्या जागी नदी. जिल्ह्याच्या जागी डोंगर. पोरीकडून नावं घेतली मी. वाच, बरोबर हायत का."

त्यांनी वाचून दाखवली. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. खाली, मुलीच्या बाजूला, देवक बसवणार म्हणून त्यांचं आणि वहिनींचं नाव होतं.

"तू चारचौघांत तोंडावर पाडलंस, ते मी विसरणार नाय," ते म्हणाले. "पण ती बाई उभी राहून एवढी नावं म्हणाली, आणि मला पाचाच्या वर येत नाय. मी तीन रात्री आठवून बघितलं. आता असल्या लोकांपुढं पोरीला सुपारीजवळ बसवू? काय म्हणतील, हिला कोणी मागचं-पुढचं नाय का?"

लग्न निफाडजवळच्या लॉन्सवर झालं. दादा-वहिनी देवकाला बसले, पाच झाडांची पानं बांधली. आत्यानं विचारून विचारून प्रत्येक झाडाचं नाव घेतलं. लेकीचा हात देताना वहिनी रडल्या, दादा पुरोहितावर उगाच खेकसले. सुपारी कुठंही लागली नाही. मला हवं होतं ते झालं, हे मी कबूल करतो.

पण पंगतीत मी वाढपाकडं बघत फिरत असताना शेजारच्या रांगेतून दादांचा आवाज आला. ते पाहुण्यांना समजावून सांगत होते. "होडीनं आले ना ते. यादवांच्या काळात. साडेसातशे वर्षं झाली, माझ्या भावानं मोजलंय टेपनं. मूळचे इकडलेच."

मी तिकडं गेलो. पाहुण्यांना म्हणालो, "साडेसातशे बरोबर आहे. इकडचे मात्र नाहीत. पूर्वेच्या बेटांवरून आले."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दादांकडं. दादा शांतपणे जिलेबी मोडत होते.

"बसा हो, जेवून घ्या," पाहुणे मला म्हणाले. मी पुढच्या रांगेकडं वळलो, तर तिथं आमचा चुलतभाऊ घंटेचा व्हिडिओ दाखवत होता.